बूस्टर आमच्या घरात होता

माझी थोरली बहीण सहावीत असताना शेंगा फोडायला बसली, ती लग्नाच्या मांडवातच उठली. बियाण्याच्या शेंगा यंत्रात घालत नाहीत, दाणा दुखावतो. म्हणून आमच्या वडगावचे व्यापारी पोती घरोघर टाकायचे आणि आम्ही बायकापोरी त्या हातानं फोडायचो. टरफलं कडक असली तर पाण्याचा हबका मारायचा. दुपारपर्यंत अंगठ्याचं नख सुटायला यायचं. मग चिंधी गुंडाळायची आणि पुढं चालू.

आबा बाजारात मापाडी होते. धान्याची रास मोजायची, पोत्यात भरायची. पावसाळ्याचे चार महिने बाजार थंड आणि आबाही थंड. त्या दिवसांत आई दोनच भाकऱ्या करायची आणि नंतर रिकाम्या काटवटीवर हाताच्या दोन-चार थापा जास्तीच्या मारायची. पातळ भिंतीपलीकडच्या शेजारणीला वाटावं, पीठ हाय अजून यांच्यात. मी तेव्हा हसायचे. आता हसू येत नाही.

आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. बारावीपर्यंतही मीच पहिली. पुढं शिकते म्हटल्यावर आबांनी एकच विचारलं, "फी कुठनं आणू?" उत्तर मिळालं कॉलेजच्या दारात. एसटीनं पाऊण तासावरचं ते तालुक्याचं कॉलेज. प्रवेशाची चौकशी करायला गेले, तर जिमखान्याचे सर मुली धुंडत उभे. "कबड्डी खेळणाऱ्या मुलींना फी माफ. कोण खेळतं?" मी शाळेच्या पटांगणात खेळले होते तेवढंच. तरी हात वर केला.

घरी येऊन सांगितलं, "आबा, मला स्कॉलरशिप मिळाली."

खोटं पुरतं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. आबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारात सांगितलं की पोरीला हुशारीवर सरकारनं फी माफ केली. ते एकदा बाजारात गेल्यावर मला परत घेता येईना. आमच्या भावकीत मुलगी अर्ध्या चड्डीत मैदानावर उतरते हे कुणाला कळलं असतं, तर कॉलेज त्याच दिवशी संपलं असतं. म्हणून सकाळच्या सरावाला मी घरी 'जादा तास' म्हणायचे. चड्डी धुऊन परसात आईच्या परकराखाली वाळत घालायचे. एकदा ती मांडीवर उसवली होती. दोन दिवसांनी बघितलं तर शिवलेली.

पहिल्या वर्षी हे निभलं, त्याचं कारण आमचा झोन. विद्यापीठाची कॉलेजं झोनमध्ये वाटलेली असतात. प्रत्येक झोनचे सामने वेगळे, त्यातला जिंकलेला संघ पुढं जातो. आमच्या झोनमध्ये सगळी तालुक्याची, आडवळणाची कॉलेजं. सामने कुठंतरी माळावर. बघायला चार सर, दोन शिपाई आणि पलीकडं चरणाऱ्या शेळ्या. तिथं माझे फोटो काढायला कोण येणार होतं? आम्ही खेळायचो, जिंकायचो, एसटीत गुडघ्याची माती झाडायचो आणि साडी नाहीतर पंजाबी ड्रेस सारखा करून घरी.

माझ्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठानं झोन नव्यानं पाडले. नवीन कॉलेजं निघाली होती, गणित बसेना म्हणे. सरांनी जिमखान्यात कागद वाचून दाखवला. आमच्या जोडीची कॉलेजं तिकडंच राहिली आणि आमचं एकटं उचलून कोल्हापूर शहराच्या झोनमध्ये टाकलं होतं. शहरातल्या ज्या दोन कॉलेजांची नावं आम्ही नुसती ऐकून होतो, ती आता आमच्या पुढ्यात.

"सर, त्या पोरी बूट घालून खेळतात म्हणं," आमच्यातली एक म्हणाली.

"बुटानं गुण मिळत न्हाईत," सर म्हणाले. पण कागदाची घडी करताना त्यांचाही हात जड झालेला दिसला. घडी झाल्यावर त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. "प्राचार्य म्हणालेत, औंदा झोनची फायनल जी मुलगी खेळंल, तिलाच पुढच्या वर्षीची फी माफ."

म्हणजे आता खेळात हरले तरी कॉलेज संपणार, आणि घरी कळलं तरी संपणार.

सामने कोल्हापुरात होते. शहराचा थाटच वेगळा. मांडव, ध्वनिक्षेपक, चुन्याच्या ताज्या रेषा. हे सगळं एका केबलवाल्यानं दिलं होतं. त्यानं त्या वर्षी सामने 'घेतले' होते. हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. म्हैस घेतात, शेत घेतात, सामने कसे घेतात? तर मांडव, दिवे, जेवण आणि कप त्याचा. बदल्यात मैदानावर कॅमेरा फक्त त्याचा. दुसऱ्या एका केबलवाल्याचा माणूस कॅमेरा खांद्यावर टाकून आला होता, त्याला फाटकातूनच परत लावलं. तो बाहेर उभा राहून ओरडत होता, "खेळ काय तुमच्या बापाचा हाय व्हय?" आतला शांतपणे म्हणाला, "खेळ न्हाई. चित्र माझं हाय."

मी हे ऐकलं आणि तरी मला उमगलं नाही. भूक लागली होती. जेवणाच्या रांगेत एक माणूस टेबल टाकून बसला होता. "कॅप्टन कोण? हितं सही." मी कॅप्टन होते. मला वाटलं जेवणाची कुपनं. घरात इंग्रजीत सही करता येणारी मी एकटी, त्यामुळं कुठं सही म्हटलं की माझा हात आपोआप पुढं व्हायचा. झोकात सही केली. खाली शेपटीसारखी रेघसुद्धा ओढली.

दुपारी उपांत्य सामना झाला, शहरातल्या त्या दोनपैकी एका कॉलेजाशी. मी डाव्या कोपऱ्याला. मी भ्याले होते. पण भ्यालेलं माणूस घट्ट धरतं एवढं मला त्या दिवशी कळलं. शेवटच्या चढाईला त्यांची उंच पोरगी माझ्या अंगावर आली. मी तिचा घोटा धरला आणि सोडलाच नाही. तिनं मला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं, मांडी सोलून निघाली. पण बाकीच्या पोरींची साखळी वेळेवर आली आणि आम्ही एका गुणानं जिंकलो.

मैत्रिणींनी मला उचललं, तेव्हा वरून मला कॅमेरा दिसला. पिंपावर उभा राहून एक जण थेट माझ्याकडं रोखून होता. खाली उतरल्या उतरल्या मी त्याच्याकडं गेले.

"दादा, हे कुठं दिसतं?"

"शहरात आत्ताच दिसलं. उद्या कॅसेट तालुक्यांना. हातकणंगले, वडगाव, कागल. संध्याकाळी सातला."

"वडगावात नका दाखवू."

"का वो ताई?"

"नका दाखवू म्हणते की!"

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला, माझ्यासमोर धरला आणि हसला. "सही तर तुमचीच हाय. लई झोकात केलीया."

शेपटी ओढलेली माझी सही. वर लिहिलं होतं की आमच्या संघाचं चित्रण दाखवायला हरकत नाही. मी ते वाचलंच नव्हतं. दोन वर्षं कॉलेजात काढलेली पोर, आणि सही करायच्या आधी वाचायचं असतं एवढं कळलं नव्हतं. एसटीत मैत्रिणी गात होत्या. मी खिडकीला डोकं लावून सात वाजायचा विचार करत होते.

आता बूस्टरचं सांगते. केबलची तार लांब गेली की चित्र मरतं. म्हणून प्रत्येक गल्लीत एका घरात एक पेटी बसवायचे, तिला बूस्टर म्हणायचे. ती वीज खाते म्हणून ज्याच्या घरात ती, त्याला केबल फुकट. आमच्या गल्लीचा बूस्टर आमच्या घरात होता. आबांनी बाजारातून एक जुना काळापांढरा टीव्ही आणला होता तो त्याच जोरावर. गल्लीत त्यांना 'बूस्टरवाले' म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. उभा जन्म दुसऱ्याचं धान्य मोजण्यात गेलेला माणूस. त्याच्या घरातनं गल्लीला काहीतरी जात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या पेटीजवळ बसले होते. आबा भिंतीला टेकून, आई चुलीपुढं. सातला बातम्यांची पाटी हटली आणि 'आंतरमहाविद्यालयीन कबड्डी' अशी अक्षरं आली. मी काही ठरवलं नव्हतं. हात मागं गेला आणि बूस्टरची पिन ओढली. पडद्यावर मुंग्या.

मला वाटलं, सुटले. किती मूर्ख होते मी! आमच्या गल्लीत चित्र गेलं की लोक कुठं येतात? आमच्या दारात.

"ओ बूस्टरवाले!" पहिला आवाज शेजारच्या टेलरचा. "आमचं चित्र गेलं!"

"लाईट हाय की घरात," आबा उठले. "थांबा, बघतो."

तोवर टेलर आत, त्याच्यामागं त्याची बायको, समोरची म्हातारी, चार-सहा पोरं. आबांनी पेटी बघितली. पिन जमिनीवर आणि मी तिच्या शेजारी.

"कुणी काढली रं ही?"

"उंदरानं ओढली असंल," मी म्हटलं.

म्हातारी म्हणाली, "उंदरानं पिन काढली? लई शिकलेला उंदीर हाय म्हणायचा तुमच्यात!"

सगळे हसले. आबांनी पिन बसवली, चित्र आलं. आणि मग टेलर बोलला ते वाक्य मी अजून विसरले नाही. "आता आलोयच तर हितंच बसतो. डाव सुरू झाला बघा." आणि सगळे खाली बसले. एकट्या आबांनी बघितलं असतं ते आता अख्ख्या गल्लीसमोर, आमच्याच घरात, मीच घडवून आणलं होतं.

मी उठू शकत नव्हते. दारात पोरं बसलेली. ध्वनिक्षेपकावरचा माणूस सारखा म्हणत होता, 'चार नंबरची खेळाडू, चार नंबर.' टेलर मांडी थोपटून म्हणाला, "ही चार नंबर दमाची हाय बघा." म्हातारी टीव्हीच्या अगदी जवळ सरकली. तिला लांबचं दिसायचं नाही, जवळचं मात्र चांगलं दिसायचं.

"आगं," ती माझ्याकडं वळली, "ही तर तू!"

पडद्यावर मी पंजावर बसून, उघड्या गुडघ्यांवर हात ठेवून, चढाईची वाट बघत होते. काळ्यापांढऱ्या चित्रात बाकी काही नीट दिसत नव्हतं, पण पाय दिसत होते. आबांनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. रास मोजून झाल्यावर पोतं आणि माणूस असं आळीपाळीनं बघायचे तसं. मग उठले आणि टीव्ही बंद केला.

"आवो, डाव तर संपू द्या की!" टेलर म्हणाला.

"तुमच्या घरात बघा."

लोक पळतच बाहेर गेले. शरमेनं नाही, डाव चुकू नये म्हणून. दार लागलं, आणि मग दोन्ही भिंतींतून, समोरून, मागून तोच सामना ऐकू यायला लागला. चार नंबर, चार नंबर. आबांचा हात बूस्टरच्या पिनेकडं गेला. मी बघत होते. हात तिथं थोडा वेळ थांबला आणि परत आला. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. शेवटची चढाई आली तेव्हा सगळी गल्ली एकदम ओरडली. आमच्या घरात कुणी हललं नाही.

"कवापासनं?" आबांनी विचारलं.

"दोन वर्सं."

"आन स्कॉलरशिप?"

"त्याचीच हाय."

ते आईकडं वळले. "तुला ठावं हुतं?"

आई चुलीतली राख ओढत म्हणाली, "चड्डी फाटली हुती. शिवली म्या."

आबांनी हात उचलला नाही. उचलला असता तर बरं, असं मला वाटत होतं. नुसतं म्हणाले, "उद्यापास्नं कॉलेज बंद." आणि सकाळी उठून आत्याकडं निरोप धाडला. तिनं दिवाळीत एक स्थळ सुचवलं होतं, ते अजून रिकामं हाय का बघ म्हणून.

दिवसभर मी शेंगा फोडत बसले. बहीण बसायची त्याच जागी. फायनल तीन दिवसांवर होती. टरफल फुटलं की दचकायचे, दारात कुणी आलं की दचकायचे. आत्या असेल, पाहुणे असतील. बहिणीला बघायला आले होते तेव्हा तिनंही असंच घाईघाईनं अंगठ्याची चिंधी सोडली होती.

दुसऱ्या दिवशी दारात स्कूटर थांबली. सर होते. आबा घरीच होते. बाजारात काय ऐकावं लागेल या धास्तीनं दोन दिवस गेलेच नव्हते.

"पोरगी सरावाला आली न्हाई," सर म्हणाले. "आजारी हाय काय?"

"सर, तुमी शिकल्यालं मानूस," आबांचा आवाज चढला. "मला न इचारता माझी पोर उघडी करून टीव्हीवर दावली?"

सर चकित झाले. "न इचारता कसं, पावणं?" त्यांनी पिशवीतून फाइल काढली, फाइलमधून एक फॉर्म. "ही तुमची परवानगी. ही काय तुमची सही."

पहिल्या वर्षी पालकाच्या परवानगीचा फॉर्म मिळाला होता, तो मी एसटी स्टँडवर बसून भरला होता आणि खाली आबांची सही मीच ठोकली होती. आबांना लिहिता येत नाही. बाजाराच्या वहीवर ते अंगठा उठवतात. सरांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. आता आबा 'ही माझी न्हाई' एवढं म्हणाले की झालं. घरानं कॉलेज बंद केलंच होतं, आता कॉलेजकडूनही बंद. प्राचार्य काढून टाकणार, दाखल्यावर शेरा येणार. आबा खोटं बोलणारे नव्हतेच, आणि यात तर त्यांना खरं बोलायची मुभा होती.

आबांनी कागद हातात घेतला. मग मला म्हणाले, "काय लिवलंय हितं?"

मी वाचलं, "माझी मुलगी खेळात भाग घेत आहे. त्यास माझी परवानगी आहे."

"आन खाली?"

"तुमचं नाव."

आईच्या हातातली शेंग फुटायची थांबली. आबांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर रागाची होती, मी खोटं सांगत नाही. माया-बिया काही नव्हती तिच्यात.

"व्हय," ते सरांना म्हणाले. "माझीच हाय. इसरलो हुतो."

सर मोकळे झाले. "मग हरकत काय! फायनलसाठी हितं आणखी एक सही करा. प्रवासाची." आणि त्यांनी पेन पुढं केलं.

आबांनी पेन घेतलं. पाचर धरावी तसं मुठीत धरलं, कागदावर टेकवलं, उचललं. मग पेन माझ्या हातात दिलं आणि डावा अंगठा वर करून माझ्यापुढं धरला. रेशनच्या कागदाला, बाजाराच्या कागदाला घरात मीच शाई लावायचे. आताही पेनाचं टोक त्यांच्या अंगठ्यावर घासलं. अर्धी शाई तळव्यावर गेली. आबांनी अंगठा दाबला.

सर त्या अंगठ्याकडं बघत राहिले. मग फाइलमधल्या जुन्या सहीकडं. मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. सरांनी कागदावर हळूच फुंकर मारली, शाई वाळू दिली, आणि दोन्ही कागद एकत्र घडी करून खिशात टाकले.

"येतो पावणं," म्हणाले आणि स्कूटर चालू केली.

ती लांब गेल्यावर आबा म्हणाले, "माझं नाव पुन्यांदा तू लिवायचं न्हाई."

"न्हाई लिवणार."

आईनं खाली मानेनं विचारलं, "आन ते स्थळ?"

"सांग त्यास्नी, पोरगी शिकतीया म्हणून," आबा म्हणाले. टोपी घातली आणि दोन दिवस चुकवलेल्या बाजाराला गेले. तिथं एका व्यापाऱ्यानं टोमणा मारलाच, हे मला पुढं एका हमालानं सांगितलं. "काय मापाडी, पोरगी टीव्हीवर दिसली म्हणं, पाय उघडं टाकून?" आबांनी माप खाली ठेवलं नाही. "दिसली तर दिसली," म्हणाले. "तुझी दिसंल तवा मला सांग."

पण घरी ते महिना-दीड महिना माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी जेवायला बसले की ते उठायचे.

फायनल आम्ही हरलो. शहरातलं दुसरं कॉलेज भारी होतं, त्यांच्या पोरी खरंच बूट घालून खेळत होत्या. चार गुणांनी गेलो. कॅमेरा पिंपावर होताच. प्रत्येक पकडीला माझी नजर तिकडं जायची आणि घोटा हातातून निसटायचा. भीती गेली होती असं कुणी सांगू नये. ती कॉलेज संपेपर्यंत होती. पण फायनल खेळले होते, त्यामुळं फी माफ झाली.

पुढच्या वर्षी मी बी.ए. पास झाले, सेकंड क्लासमध्ये. आमच्या घरात आणि आमच्या गल्लीत पदवी घेणारी मी पहिली.